मशीन थांबलं, नाव बाईचं

हॉस्पिटलच्या टायपिंगच्या खोलीत तिला सगळे मशीनगन म्हणायचे, आणि हे नाव तिला मनापासून आवडायचं. डॉक्टर मंडळी तपासण्यांचे अहवाल तोंडी रेकॉर्ड करून ठेवत. ती कानाला हेडफोन लावायची, पायाखालचं पेडल दाबून आवाज पुढेमागे करायची आणि खिडकीबाहेर पार्किंगमधल्या गाड्यांकडे बघत धडाधड टाइप करत सुटायची. स्क्रीनकडे ती बघायचीच नाही. टाइपरायटरवर शिकलेली बाई ती. तिथल्या शिकवणाऱ्या बाई मुलींच्या हातांवर रुमाल टाकायच्या, आणि रुमाल उचलून बघितलं की बोटांवर फूटपट्टी. इथे एक सर्जन घास चावता चावता बोलायचे, एक डॉक्टरीणबाई वाक्याच्या मध्येच नर्सला झापायच्या, आणि एक्स-रेचे म्हातारे डॉक्टर तर शेवटचे शब्द मिशीतच ठेवून द्यायचे. या सगळ्यांचं बोलणं निवडून-पाखडून स्वच्छ अहवाल काढायचा हे तिचं काम. त्यात ती कुणाला हार जात नसे, आणि तसं स्वतःच्या तोंडाने सांगायलाही लाजत नसे.

अशा बाईला एके दिवशी व्यवस्थापकांनी वरच्या मजल्यावर बोलावलं आणि सांगितलं, की तुम्ही फार हळू काम करता.

आता हळू म्हणजे काय, ते आधी ऐका. गेले कित्येक महिने तिच्या कॉम्प्युटरच्या अंगात आलं होतं. टेबलाखालच्या डब्यातला पंखा सकाळपासून घरघरायचा, डब्याला पाय लागला तर चटका बसावा इतका तो तापायचा. तिने अख्खं वाक्य टाइप केलं तरी स्क्रीन कोरी ती कोरीच. मग अचानक सगळी अक्षरं भसाभसा यायची, आणि त्यातला एखादा शब्द मध्येच गिळलेला असायचा. शेजारच्या टेबलावर दोन बोटांनी टाइप करणारा एक गृहस्थ बसे. त्याला सगळे खुडबुड्या म्हणत. त्याचं मशीनही तसंच रडायचं, पण त्याचं काही अडत नव्हतं. एक अक्षर दाबायचं, ते उमटलं का बघायचं, मान हलवायची, मग दुसरं दाबायचं, अशी त्याची पद्धत. मशीनच त्याच्या चालीवर आलं होतं म्हणा ना. मार खात होती ती मशीनगन, कारण तिची बोटं पुढे निघून जायची आणि मशीन मागे राहायचं.

आणि मग ते "नाही" प्रकरण झालं. एका बाईच्या तपासणीत डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, की गाठ आढळली नाही. कागदावर छापून आलं, गाठ आढळली. शेवटचा शब्द मशीनने खाल्ला होता. सही करताना डॉक्टरांच्या लक्षात आलं म्हणून बरं, नाहीतर त्या बाईच्या घरात काय हाहाकार उडाला असता, कल्पना करा. तेव्हापासून मशीनगन प्रत्येक अहवाल दोनदा वाचायला लागली. साहजिकच काम आणखी मागे पडलं.

व्यवस्थापकांच्या खोलीत थंडगार हवा होती आणि टेबलावर एकही कागद नव्हता. त्यांनी स्क्रीन तिच्याकडे वळवली. तिच्या नावापुढे लाल पट्टी होती.

"दिवसातला बराच वेळ तुम्ही नुसत्या बसलेल्या असता," ते म्हणाले.

"मी? कोण म्हणतं असं?"

"सिस्टीम सांगते. मी कुठे काही म्हणतोय? वयानुसार होतं तसं. सोमवारपासून तुम्ही खाली रेकॉर्डरूममध्ये बसा. तुमच्या ताई आहेतच तिथे."

 संध्याकाळी घरी गेल्यावर तिने सगळं नवऱ्याला आणि ताईला सांगितलं.

ताई म्हणजे तिची मोठी नणंद. लग्न केलं नाही, भावाकडेच राहायची. हिला या हॉस्पिटलात चिकटवलं ते ताईनेच, आणि दोघी वर्षानुवर्षं शेजारी-शेजारी बसून टाइप करत आल्या होत्या. या लाल पट्टीत पहिली सापडली ती ताई. तिला तळघरात धाडलं, जुन्या फायलींच्या रॅकांमध्ये. ताई भांडली नाही. ती म्हणाली, "माझे हात गेले गं. आईचे गेले होते तसेच." त्यांच्या आईचे हात शेवटी इतके थरथरायचे की घोटभर पाणीसुद्धा दुसऱ्याने पाजावं लागे. तळघरात गेल्यापासून ताईने सुईत दोरा ओवणं सोडलं. दुधाचं पातेलं उचलेना. चहाचा कप अर्धाच भरा म्हणायची. हातांना काही झालेलं कुणाला दिसत नव्हतं, पण तिने मनाने घेतलं होतं, आणि मनाने घेतलेलं कोण काढणार?

"बरं झालं," नवरा म्हणाला. तो वाईट नाही, पण त्याला वेळकाळ कळत नाही. "दोघी एकाच तळघरात. एकच डबा पुरेल."

मशीनगनने त्याच्याकडे असं बघितलं, की तो मुकाट्याने भांडी घासायला उठला. ताईने मात्र तिचा हात आपल्या हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि हळूच विचारलं, "तुझेही का गं?" तो प्रश्न ऐकून तिने हात ओढून घेतला. आणि पाठोपाठ संताप आला. आपल्या बोटांनी कधी दगा दिला नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी घटकाभर तिनेसुद्धा त्यांच्यावर शंका घेतली होती.

दुसऱ्या दिवशी तिने कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्याचं नाव सगळ्यांनी रीस्टार्ट ठेवलं होतं, कारण तक्रार कसलीही असो, औषध एकच. माणूस गोड बोलणारा. येताना हसत यायचा, खुर्चीत बसायचा आणि म्हणायचा, "मॅडम, तुम्ही चहा घेऊन या तोवर." ती चहा घेऊन परत येई तेव्हा मशीन वाऱ्यासारखं पळत असे. तो उठून टाइप करून दाखवायला लावी आणि निघून जाई. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

"चहा घेऊन या मॅडम."

"आज चहा नको."

"वेळ लागेल बरं का."

"लागू दे. मी नुसती बसणारी बाई आहे. तुमची सिस्टीमच सांगते तसं." असं म्हणून तिने स्टूल ओढलं आणि त्याच्या कोपराला कोपर लावून बसली.

रीस्टार्टने डबा उघडला, धूळ फुंकली. ब्राउझरमधली जुनी पानं बंद केली. व्हायरस शोधायला लावलं, तो सापडला नाही. मशीन सुरू होताना आपोआप जागे होणारे दोन-चार फालतू प्रोग्रॅम काढले. पंखा घरघरतच होता. "मेमरी वाढवावी लागेल," तो म्हणाला. "जुनं झालंय ना."

"हे सगळं तू मागच्या खेपेलाही केलंस," ती म्हणाली. "आता मी चहाला गेल्यावर जे करतोस, ते कर."

त्याचा हात माउसवरच राहिला. खुडबुड्यानेही टाइप करायचं थांबवलं, अर्थात त्याने फारसा फरक पडला नाही. रीस्टार्टने दाराकडे बघितलं, मग तिच्याकडे. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून त्याने निमूटपणे टास्क मॅनेजर उघडला. कुठला प्रोग्रॅम मशीनची किती ताकद खातोय, ते त्यात दिसतं. प्रोसेसर पूर्ण शंभर टक्के भरलेला. तिच्या टायपिंगच्या प्रोग्रॅमच्या वाट्याला चिमूटभर. बाकी सगळं एकटाच ओरपत होता तो सगळ्यात वरचा, नाव कार्यमित्र.

"हा कोण मित्र?"

"वरून टाकायला सांगितलाय." तो खालच्या आवाजात बोलायला लागला. "तो सारखे स्क्रीनचे फोटो काढतो. तुम्ही किती टाइप केलं ते मोजतो आणि वर पाठवतो. या जुन्या मशीनला ते झेपत नाही. मी सांगितलं होतं वर, आईशपथ सांगितलं होतं. म्हणाले, चालवून घे आणि कुणाला बोलू नकोस."

"आणि मी चहाला जाते तेव्हा?"

"बंद करतो. तुम्हाला दाखवण्यापुरता. मग तो आपोआप परत चालू होतो."

"मशीन अडकतं तेव्हा तो काय लिहितो?"

रीस्टार्टने मान खाली घातली. "तेवढ्या वेळात टायपिंग झालेलं त्याला कळत नाही. मग तो लिहितो, की बाई थांबली."

बघा म्हणजे! मशीनचा गळा यानेच आवळायचा, ते धापा टाकायला लागलं की यानेच चुगली करायची, आणि लाल पट्टी कुणाच्या नावापुढे? बाईच्या. माणसाने चहाड्या केल्या असत्या तर निदान चारचौघांत त्याला जाब विचारता आला असता. इथे सिस्टीम सांगते म्हटलं की सगळे हात झटकून मोकळे. आणि त्यापायी एका धडधाकट बाईने दुधाचं पातेलं उचलायचं सोडलं होतं.

ती जिना चढून वर गेली. रीस्टार्टलाही बखोटीला धरून नेलं. व्यवस्थापकांनी सगळं ऐकून घेतलं, पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"तांत्रिक अडचण आहे ही," ते म्हणाले. "तुमच्या मशीनवरून काढायला सांगतो. सोमवारचंही राहू द्या. तुम्ही तुमच्या जागेवरच बसा. फक्त बाहेर बोलू नका."

जागा वाचली होती. आभार मानून खाली यावं असा क्षण होता, आणि व्यवस्थापक त्या आभारांची वाटही बघत होते.

"आणि ताईचं काय?"

"त्या रुळल्यात तिथे. त्यांची काही तक्रार आलेली नाही."

"कुणाची तक्रार करणार ती?" मशीनगनचा आवाज असा चढला, की बाहेर बसलेला शिपाई उठून उभा राहिला. "स्वतःच्या हातांची? तुम्ही सांगितलंत ती हळू झाली, तिला वाटलं हात गेले! घरी भरला कप धरत नाही ती! तुम्हाला माहीत होतं मशीनचं. माहीत असून तुम्ही तिला खाली जाऊ दिलंत!"

ते काहीतरी धोरणाबद्दल बोलले. तिने ऐकलं नाही.

तळघरात ट्यूबलाइट फडफडत होती आणि ताई एका लोखंडी रॅकपाशी पाठमोरी उभी होती. फायली ती दोन्ही हातांनी धरून, छातीशी कवटाळून नेत होती, पडतील या भीतीने.

"ताई, वर चला."

"का गं? काय झालं? माझ्याकडून काही चुकलं का?"

ते ऐकून मशीनगनला रडूच येत होतं, पण तिने ते रागात ढकललं. ताईला वर आणलं, आपल्या खुर्चीत बसवलं. रीस्टार्टने कार्यमित्र उपटून काढला होता आणि टेबलाखालचा पंखा गप्प झाला होता.

"नको गं," ताई हात मांडीवर दाबून म्हणाली. "माझ्याच्याने व्हायचं नाही. उगाच चारचौघांत हसं."

"ताई, फक्त ऐका. मिशीवाले डॉक्टर आहेत." तिने हेडफोन ताईच्या कानावर चढवले आणि स्वतःच पेडल दाबलं.

ताईने डोळे मिटले. बोटं आधी चाचपडली, मग एका ओळीनंतर सवयीने चालायला लागली. टकटक, टकटक, मग ती टकटक एकमेकीत मिसळली. अक्षरं बोटांखालून निघाली की लगेच स्क्रीनवर, एकही मागे नाही, एकही गिळलेलं नाही. मिशीत राहिलेले शेवटचे शब्दसुद्धा ताईने बरोबर ओळखून काढले. खुडबुड्या तोंड उघडं टाकून बघत होता.

अहवाल संपला. ताईने डोळे उघडले, स्क्रीन वरपासून खालपर्यंत वाचली. मग स्वतःचे हात समोर धरून पाहिले. ते थरथरत नव्हते.

"म्हणजे माझे हात..."

"काही झालेलं नव्हतं त्यांना. मशीन अडवून ठेवलं होतं या लोकांनी. आणि त्यांना माहीत होतं, ताई."

 तिच्या चेहऱ्यावर आनंद येईल म्हणून मशीनगन वाट बघत होती. तो आला नाही. साऱ्या जन्मात जिने कुणाला अरे म्हटलं नव्हतं, त्या बाईच्या नाकपुड्या फुलल्या. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले, पदर खोचला आणि उठली.

"तो व्यवस्थापक बसतो कुठे?"

"वर. चला, मी येते."

"तू नको," ताई म्हणाली. "तुझं बोलून झालंय." आणि ती कठड्याला हात न लावता जिना चढायला लागली.