सोनाबाईंचा कठडा

रविवार, ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. पहाटेचे सव्वापाच. साताऱ्यातला एक चहाचा गाडा.

आमच्या भटक्या मंडळींचे किस्से मी कधी लिहून ठेवले नाहीत. तीस वर्षांच्या पत्रकारितेत वह्याच्या वह्या भरल्या, पण त्या सगळ्या आश्वासनांच्या! आश्वासनं वह्यांतच राहिली, किस्से मात्र डोक्यात साचत गेले. त्यातले एकाच दिवसाचे सांगतो. दोन खिंडी चढायच्या, पठारावरची दोन तळी पाहायची आणि अंधाराच्या आत परतायचं, असा बेत होता.

आमचे म्होरके म्हणजे सुभेदार. फौजेतून निवृत्त होऊन जमाना झाला, पण घड्याळ अजून पलटणीचंच. सव्वापाचला त्यांनी आम्हाला अर्धा चहा टाकायला लावून जीप चालू केली. तेवढ्यात गल्लीतून इकबालभाई पळत आले. तासगावचे बेदाण्याचे व्यापारी, वजन शंभराच्या आसपास.

"एक मिनिट लेट!" सुभेदार गरजले.

"आवं, बहिणीकडं मुक्काम हुता. पोहे खाल्ल्याबिगर दार उघडंना!"

"मग खिडकी न्हवती?"

*

पहिली खिंड चढून गेलो तेव्हा उन्हं आली होती. धुकं उठलं आणि समोर तळं. काठाला सोनकीची पिवळी फुलं, पाणी गर्द हिरवं. आम्ही काठावर बसलो. इकबालभाई मात्र कमरेवर हात ठेवून डोळे बारीक करून बघत होते. या माणसाला जगातली प्रत्येक गोष्ट प्रतवारी केल्याशिवाय दिसतच नाही!

"एक नंबर हिरवा माल," शेवटी निकाल आला. "कुटं डाग न्हाई."

"आन आभाळ?" सुभेदारांनी विचारलं.

"त्याला अजून दोन दिस ऊन पायजे."

*

त्याच तळ्यावर पुण्याची चार-पाच पोरं बसली होती. झकपक बूट, पाठीवर पाण्याच्या नळ्या. शेजारी आमच्या जुन्या ओळखीच्या सोनाबाई टेकल्या होत्या. वय साठीच्या पुढं, पायात रबरी चप्पल, बाजूला चुंबळ आणि दळणाचा डबा. त्यांची वाडी दुसऱ्या खिंडीच्या वर. दळायलासुद्धा दोन खिंडी उतरून खाली यायचं!

एका पोरानं मनगटावरचं घड्याळ त्यांच्यापुढं नाचवलं. "मावशी, माझी अकरा हजार पावलं झाली!"

सोनाबाईंनी डबा डोक्यावर घेतला. "मोजून ठिवलीस ते बरं क्येलंस बाबा. परत जाताना तेवडीच लागत्यात."

आणि चालू पडल्या.

*

दुसऱ्या खिंडीच्या तोंडाशी साठ फुटांचा काळा कातळ आहे. पाय ठेवायला खोबण्या, धरायला काही नाही, डावीकडं दरी. वाडीला जायचं तर इथूनच. बाकी तिन्ही बाजूंना सरळसोट कडे.

मंत्र्याला भर सभेत जाब विचारलेला मी, अर्ध्या कातळावर थिजलो. नजर दरीतून हलेना. वरून सोनाबाईंचा आवाज आला, "पत्रकार, दरीत काय बातमी हाय का? माज्या टाचंकडं बगा आन या!"

त्या भेगाळलेल्या टाचांवर नजर ठेवून मी वर पोचलो. डोक्यावरचा डबा एकदाही हलला नव्हता. या बाईंना कुणी कधी सत्काराची शाल दिलेली नाही.

याच कातळावर गेल्या वर्षीच्या श्रावणात त्यांचे मालक, तात्या, घसरले. मांडीचं हाड मोडलं. झोळीत घालून चौघांनी खाली नेलं, पायात सळई बसवून तसंच वर आणलं. तेव्हापासून माणूस वाडीवरून खाली उतरलेला नाही. डॉक्टर तपासायला बोलावतात, पण दर वेळी झोळीला चौघं कुठून आणायचे, आणि धरायला काही असल्याशिवाय तात्या उतरणार कसे? सोनाबाईंची मागणी एकच: कातळाला लोखंडी कठडा. रस्ता नको, दिवे नकोत. सुभेदारांनी अर्ज लिहिला, मी बातमी छापली. वर्ष झालं.

*

मधल्या काळात मी संबंधित कार्यालयात फोन केला होता. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "तुम्ही एवढे का चिडता? तुम्ही तिथं राहता का?"

"तुम्ही कितव्या मजल्यावर राहता?"

"तिसऱ्या."

"उद्या येऊन तुमच्या जिन्याचा कठडा काढून नेतो. मग बोलू!"

फोन कट. सुभेदारांना सांगितलं तर म्हणाले, "फौजंत असता तर पयल्याच दिवशी कोर्टमार्शल!" मी ती शाबासकी समजलो.

*

वाडी नऊ घरांची, दुसऱ्या तळ्याच्या काठावर. सोनाबाईंनी नाचणीच्या भाकऱ्या थापल्या. तात्या ओट्यावर पाय लांब करून बसले होते.

"एक आफिस म्हणतंय कातळ त्येंचा, दुसरं म्हणतंय ह्येंचा," तात्या म्हणाले. "म्या म्हणलं, माजा पाय कुनाच्या हद्दीत मोडला तेवडं तरी सांगा. त्येंच्या नावावर करून टाकतो!"

इकबालभाईंना हसता हसता ठसका लागला.

*

जेवता जेवता तात्यांनी देवाच्या फोटोमागून एक पाकीट काढलं. "परवा आलंय. वाचा."

सुभेदारांनी परेडच्या आवाजात वाचलं: "सदर वस्तीस समक्ष भेट देऊन पाहणी केली असता, वस्तीकडे जाणारी कोणतीही पायवाट आढळून आली नाही. सबब कठड्याचा प्रश्न उद्भवत नाही."

"खोटारडे!" मी उसळलो. "आलेच नसणार कुणी. ऑफिसात बसून खरडलंय!"

"आवं, आसं कसं?" सोनाबाई म्हणाल्या. "आलं हुतं की सायेब. हितंच बसलं हुतं, तुमी बसलाय तितं. दोन भाकऱ्या खाल्ल्या. पायाला जळू लागली हुती, मीच मीठ लावून काढली. लय घाबरलं हुतं बिचारं."

सुभेदारांनी पाकीट उलटं करून झटकलं. आतून फोटो पडला. तळ्याच्या काठावर साहेब उभे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चेहऱ्यावर हसू, मागं तात्यांचं घर.

साहेब वर आले कसे आणि खाली उतरले कसे, हे मी त्याच आठवड्यात कार्यालयाला लेखी विचारलं. पोच मिळाली. उत्तर अजून आलेलं नाही.