नामाचं दहावं आणि दोन फुलं

नामा गेला. आणि त्याचं दहावं घालायचं की नाही, हे आता आम्ही त्याच देवाला विचारतोय ज्याला तो मानत नव्हता.

उशिरा लिहितोय, माफ करा. रोज लिहायला बसतो आणि रोज हात थांबतो. सातवीपर्यंत शिकलेला माणूस मी, चूकभूल सांभाळून घ्या.

नामा माझा लहानपणचा दोस्त. शिरूरजवळ आमची धनगरांची वस्ती. वस्तीवर बिरोबाचं देऊळ आणि नामाचा बाप तिथला पुजारी.

आमच्याकडे काही अडलं की देवाला कौल लावतात. देवाच्या दगडाला पाण्याने दोन फुलं चिकटवायची, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवं आधी पडलं तर हो. डावं पडलं तर नाही.

लहानपणी बापाच्या हाताखाली फुलं लावता लावताच नामाला कळलं, की ज्याला पाणी कमी तेच आधी सुटतं.

त्या दिवसापासून त्याचा देव सुटला.

पुढे तो दौंडला रेल्वे यार्डात लागला. पण वाद घालायला दर सुट्टीला वस्तीवर यायचा.

मी म्हणायचो, "देव न्हाई म्हणतोस, मग आईच्या पाया कशाला पडतोस?"

"ती समोर हाय म्हणून."

मला घोर लागायचा, याला देव काही करेल की काय. मी गुपचूप त्याच्या नावाने नारळ फोडायचो. त्याला ते माहीत होतं. खोबरं मागून घ्यायचा.

मग हिराबाई, त्याची बायको, आजारी पडली. छातीत गाठ. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, लगेच ऑपरेशन करा.

हिराबाई म्हणाली, "देवानं उजवा दिला तरच सुरी लावून घेईन."

शिरूरच्या एसटी स्टँडवर मी नामाला बाजूला घेतलं. "तुझा हात बसलेला हाय. कौल तू लाव. उजव्याला पाणी कमी लाव आन् मोकळा हो."

तो समोरच्या एसटीची पाटी वाचत राहिला.

"आरं, जगंल ती!"

"गण्या, जल्मभर लोकांना सांगितलं, कुणाकडून फसू नका. आन् आता बायकोलाच फसवू?"

त्याने वेगळंच केलं. घरी पाट्याचा दगड उभा केला, तिच्यासमोर दोन फुलं लावली आणि सांगून उजवं पाडलं. सांगून डावं पाडलं. "बघ, हे असं हाय. आता तूच इचार कर."

हिराबाई शांतपणे म्हणाली, "पाणी कमी-जास्त लावायची बुद्धी तरी कोण देतं? त्योच ना?"

नामाने दगड आडवा केला आणि दोन्ही फुलं तिच्या ओंजळीत ठेवली.

कौल भावकीतल्या दुसऱ्याने लावला. डावं पडलं.

दिवाळीच्या आत हिराबाई गेली.

त्यांची मुलगी सुमन तेव्हा शिक्रापूरला कंपनीत होती. आईला अग्नी दिल्यावर सगळ्यांसमोर म्हणाली, "आप्पा, एक फूल. एका फुलापुरतं खोटं बोलता आलं न्हाई तुमाला?"

गेली ती परत वस्तीवर आली नाही.

मी एकदा धीर करून विचारलं, "नामा, चुकलं का रं तुझं?"

"तुला काय वाटतं?"

हाच त्याचा स्वभाव. मला आयतं उत्तर हवं असायचं आणि हा माझाच प्रश्न माझ्या हातात परत द्यायचा. फार राग यायचा.

पण त्या दिवशी असं विचारताना त्याचे डोळे भरले होते. त्यालाही कुणीतरी सांगायला हवं होतं.

त्याच्या मागे काय करायचं, हेही मी विचारून ठेवलं होतं.

"मी थोडाच बघायला असणार? उरतील त्यांनी ठरवावं. पन ठरवावं, इचारत बसू नये."

आणि काल आम्ही विचारत बसलो.

त्याचा मुलगा बाळू म्हणतो, आप्पांना पटायचं नाही, दहावं नको. भावकी म्हणते, नाही केलं तर आत्मा घोटाळेल. शेवटी ठरलं, कौल लावू.

बाळूने फुलं माझ्या हातात दिली. "आबा, तुमी लावा. आप्पांचे दोस्त तुमीच."

हातात कण्हेरीची दोन फुलं, समोर पाण्याचा तांब्या. युक्ती मला माहीत. डाव्याला पाणी कमी लावलं असतं की नामाच्या मनासारखं झालं असतं.

पण त्याने बायकोच्या जिवासाठी जे केलं नाही, ते मी त्याच्या दहाव्यासाठी करू?

डोळे मिटून तांब्यात बोटं बुडवली आणि फुलं लावली. कुठल्या फुलाला किती पाणी लागलं, देव जाणे.

दुपार गेली. दिवस कलला. दोन्ही फुलं तशीच.

एक म्हातारा म्हणाला, "नामा देवाशी वाद घालतोय. इतक्यात काय उरकत न्हाई."

सगळे हसले. बाळूही हसला आणि हसता हसता खाली बसून रडायला लागला. "ताईला इचारा. ती म्हनंल तसं करू."

सुमन, तुझा नंबर कुणाकडेच नाही. इथे मोबाईलवर तुझा फोटो दिसतो. निरोप टाकला, उत्तर नाही. म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय. कुणाची तिच्याशी ओळख असेल तर हे तिला दाखवा.

पोरी, अस्थी फडक्यात बांधून दारच्या बाभळीला टांगून ठेवल्यात. परवा दहावा दिवस. बापाला माफ कर असं मी म्हणत नाही. त्याचं चुकलं की नाही, ते मला आजही कळत नाही.

दहावं घाल म्हण, नको म्हण, ये, नको येऊस. तुझ्या उत्तरावर कुणी फुलं लावणार नाही.

नामा, रामराम घे रे बाबा. देव मानत नव्हतास, तरी माझा रामराम कधी नाकारला नाहीस.

सुमन, लवकर कळव. फुलं अजून पडलेली नाहीत.