अर्धा तांब्या पाणी

धाकटीच्या हातचं काम बघायला यावं माणसानं. हॉस्पिटलच्या धोबीखान्यात रोज चादरींचा डोंगर येतो, रक्ताचे डाग, औषधांचे डाग, आणि संध्याकाळी त्याच चादरी अशा निघतात की कोऱ्या कापडानं लाजावं. मशीन काय सगळ्याच बायका चालवतात, पण कोपऱ्याला कोपरा जुळवावा तो धाकटीनंच. मुकादमीण कधी कुणाला बरं म्हणायची नाही, तीसुद्धा नव्या बाईला सांगते, "तिच्याकडे बघ आणि तसं कर." या घरातली माणसं अशीच आहेत, हाताची पक्की.

पण एका कामाला धाकटीचा हात उचलत नव्हता.

तिकडं लढाई पेटली आणि धाकटी नि तिचा भाऊ गाव सोडून पळाले, तेव्हा आई बरोबर निघाली होती. नदीपर्यंत आली आणि शेळ्या दाव्यालाच राहिल्या म्हणून माघारी फिरली. "तुम्ही व्हा पुढं, मी आलेच." त्यानंतर तिकडून येणाऱ्या ज्याला त्याला विचारून झालं. कुणी म्हणालं, पलीकडच्या छावणीत दिसली. कुणी म्हणालं, गावात आता काही उरलंच नाही. आई आहे का नाही, छातीठोक सांगणारा कुणी भेटला नाही.

नवं वर्ष आलं की त्यांच्या देशाकडची माणसं या परक्या शहरात टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये जमतात. आधी बुद्धाच्या मूर्तीला पाणी घालायचं. मग आपल्या वडीलधाऱ्यांच्या ओंजळीत घालून वर्षभराच्या चुकांची माफी मागायची, ते खुर्च्यांवर रांगेनं बसलेले असतात. ज्यांचे वडीलधारे वारले, त्यांनी भन्तेजींपुढच्या परातीत बारीक धार सोडायची. ते पाणी नंतर खाली झाडाच्या बुंध्याशी ओततात.

इथं आल्यावर पहिल्याच वर्षी तांबे वाटणाऱ्या बाईनं सहज विचारलं होतं, "आई हयात आहे ना? लांब असली तर दुसऱ्या कुणा म्हाताऱ्या माणसाच्या हातावर घाल. नसली तर परातीकडे." धाकटीनं तांब्या तिथंच ठेवला आणि जिना उतरली. पुन्हा कधी चढली नाही.

या वर्षी तिच्या थोरल्या भावानं मूर्तीला पाणी घालायला नागाच्या आकाराची लाकडी पन्हळ केली. थोरला सुतार, आणि सुतार म्हणजे सुतार! शेपटीकडून पाणी ओतायचं आणि नागाच्या तोंडातून ते मूर्तीवर पडायचं. अख्ख्या लांबीत एक खिळा नाही.

"दादा, मी नाही येणार."

"खुर्च्यांकडे जाऊ नकोस, परातीकडे जाऊ नकोस. पन्हळीत पाणी घाल आणि घरी ये. मी एवढं लाकूड तासलं ते काय परक्यांनीच बघायचं?"

ती गेली. पहिला तांब्या ओतला गेला तेव्हा पाणी मूर्तीच्या डोक्यावरून सुसाट थेट भन्तेजींच्या मांडीवर. सगळा हॉल हसला, भन्तेजीही हसले. थोरला म्हणाला, "पन्हळ बरोबर आहे, मूर्तीच बुटकी आहे," आणि मूर्तीखाली दोन फळ्या सरकवल्या. मग काय धार पडली म्हणता! माणसं बघत राहिली.

धाकटीनं थोडं पाणी ओतलं आणि वळली, तर मागच्या रेट्यानं ती थेट खुर्च्यांपुढं. शेवटच्या खुर्चीत जाड चष्म्याची एक आजी ओंजळ धरून बसली होती. तिच्यापुढं कुणीच नव्हतं.

"अगं, हात आखडले माझे. घालतेस की नुसती बघतेस?"

"आजी, माझ्या आईचं... काही कळलेलं नाही."

"माझ्या पोराचं तरी कुठं कळलंय? दर वर्षी इथं बसते आणि कोरडे हात घेऊन घरी जाते. ती तांब्यावाली मला परातीकडे खुणावते. मेलीला घाई फार." आजीनं चष्म्यावरून बघितलं. "तुलाही खुणावलं असेल."

"हो."

"मग गेलीस?"

"नाही."

"मग घाल."

धाकटीनं घातलं. तिला वाटलं होतं, आईच्या हातांवर घातल्यासारखं वाटेल. तसं काही झालं नाही. आईची बोटं लांब होती. ही आखूड, सांध्यांत सुजलेली, परक्या बाईची बोटं. तिनं माफी मागितली, तीही तोंडातल्या तोंडात. आजी काहीतरी पुटपुटली आणि ओले हात धाकटीच्याच बाहीला पुसले.

"रविवारी ये घरी. एकटीनं जेवून कंटाळा येतो. आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या हातावर घातलंस तर बघ."

दाराशी तांब्यावाली हात पुढं करून उभी. "रिकामा कर बाई, पुढच्याला हवाय."

तांब्यात अजून अर्धं पाणी होतं. धाकटीनं तो छातीशी धरला, सोडेना.

"नेऊ दे गं तिला," आजी मागून ओरडली. "तांब्याच आहे, तुझा दागिना नाही."

बसमध्ये धाकटी तांब्याचं तोंड तळहातानं झाकून बसली. घरी आल्यावर थोरल्यानं विचारलं, "हे कुणाचं?"

"आईचं."

दुसऱ्या दिवशी थोरल्यानं त्याच्या फर्निचरच्या कारखान्यातून चांगल्या लाकडाचा तुकडा आणला आणि खिडकीशी फळी ठोकली. असली फळी की हत्ती बसला तरी हलायची नाही. तांब्या तिच्यावर ठेवला.

रविवारी धाकटी आजीकडे जाते. दोघी जेवतात. खिडकीतलं पाणी उन्हानं खाली जातं. कामावर निघताना धाकटी त्यात थोडं घालते, पुन्हा अर्ध्यावर आणते, आणि दार ओढून घेते.