बाबागाडीतला वरवंटा

बाबागाडीनानांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते भर रस्त्यातून एका वरवंट्याला फिरवत होते. उंच चाकांची, काळ्या मेणकापडाच्या टपाची विलायती बाबागाडी, आत मऊ दुपटं, दुपट्यावर कुंची घालून निजवलेला वरवंटा, आणि मागे धोतर, कोपरी, पागोटं अशा थाटातला एक उंच, वाळका माणूस. खड्डा आला की गाडी अलगद उचलून घेत होता. मी नुकतीच लग्न होऊन साताऱ्याकडून चिंचवडात येत होते. टांग्यातून उतरता उतरता मी आमच्या ह्यांना विचारलं, "हे काय आहे?" हे शांतपणे म्हणाले, "घरमालक आहेत आपले."

ह्यांना पिंपरीच्या औषधांच्या नव्या कारखान्यात नोकरी लागली होती आणि नानांच्या घरातली पुढची खोली आम्ही भाड्याने घेतली होती. मागच्या दोन खोल्यांत नाना एकटे राहत आणि परसात पत्र्याच्या छपराखाली त्यांच्या बाबागाड्या राहत. तरुणपणी पुण्याच्या कॅम्पात एका पारशाच्या दुकानात ते साहेबांच्या पोरांच्या गाड्या दुरुस्त करायचे. साहेब गेले, दुकान मिटलं, आणि नाना आपली हत्यारं घेऊन गावी परत आले. शेती भावकीत वाटली गेली होती. मग खडकी-देहूरोडच्या भंगारवाल्यांकडे पडलेल्या मोडक्या गाड्या आणायच्या, त्या नव्यासारख्या करायच्या आणि गिऱ्हाइकाची वाट बघायची, असा त्यांचा उद्योग होता. त्यातलं शेवटचं काम सगळ्यांत जास्त चालायचं.

रिकामा पाळणा हलवू नये, बाळाला बाधतं, हे आपल्याकडे घरोघर पाळतात. नानांनी तेच बाबागाडीला लावलं होतं. पण दुरुस्त केलेली गाडी चालवून तर बघावीच लागते. म्हणून हा वरवंटा. मी एकदा हसले, तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, "हसतीस कशाला पोरी? बारशाला बाळाच्या आधी त्योच निजतो न्हवं पाळण्यात? कुंची बी त्यालाच आधी." हे मात्र खरं होतं. वरवंटा त्यांच्या वारलेल्या बायकोच्या हातचा होता. त्याचा पाटा भिंतीला टेकून उभा असायचा. नाना काही त्यावर वाटत नसत, कारण कुंची घातलेल्या दगडाने मिरच्या कशा रगडायच्या? चटणी आमच्याकडून जायची.

गाडी ओळखायची त्यांची एक रीत होती. गाड्यांना मुळात कंपनीची पितळी पट्टी असते म्हणे, पण ती पितळेच्या लोभाने कुणीतरी आधीच उपटलेली असायची. मग नाना गाडी उलटी करून आधी कमानी बघत, चाकाच्या आऱ्या बघत, मुठीवरून हात फिरवत. चिनी मातीची मूठ असली की त्यांचा चेहरा खुलायचा. "पयल्या लढाईच्या आधीची हाय ह्यी," म्हणायचे. नंतर पातं घेऊन कुठल्यातरी कोपऱ्यात गुंजभर रंग खरवडायचे. हिरव्याखाली पांढरा, पांढऱ्याखाली निळा. "घरात नवं पोर आलं की सायेब नवा रंग देतोय. तीन पोरं वाढली हिच्यात." ते सगळं पटायचं का, तर दर वेळी नाही. पण ऐकायला बरं वाटायचं.

एकदा एका गाडीच्या लाकडी काठावर त्यांनी मला बोट फिरवायला लावलं. बारीक बारीक खळगे हाताला लागले. दात येताना कुण्या पोराने काठ चावला होता. नानांनी ती गाडी सबंध घासली, जवसाचं तेल पाजलं, वाद्या नव्या केल्या, गादीत शेवरीचा कापूस भरला, पण त्या काठाला कानस लावली नाही. मी कारण विचारलं तर म्हणाले, "त्ये मोडतोड न्हाई. त्ये वापरल्यालं हाय." चाकाच्या बाबतीत मात्र ते अतिशय कडक होते. एरंडेल घालून घालून चाक असं करायचे की गाडी अंगावर आली तरी कळू नये. गाडी वाजली आणि बाळ जागं झालं, तर दोष गाडीवाल्याचा, असं त्यांचं म्हणणं होतं.

आता अशा गाड्या चिंचवडात घेणार कोण? गावातल्या बाया पोर कडेवर मारून नदीवर धुणं धुऊन यायच्या. रस्ते असे की बैलगाडीसुद्धा कण्हायची. नानांकडे गिऱ्हाईक यायचं ते पिंपरीच्या निर्वासितांच्या कॅम्पातून, आणि त्यांना पोरासाठी गाडी नको असायची, चाकांसाठी हवी असायची. बिचाऱ्यांना पोटामागे फिरायचं होतं, त्यांना दोष कसा द्यायचा? महिनाभर खपून लखलखीत केलेली गाडी नाना हौसेने देत आणि काही दिवसांनी तिच्यावरून कुणीतरी घासलेट विकत येई. नाना धावत रस्त्यावर जाऊन भांडत. एक शेंगदाणेवाला तर उघडच म्हणायचा, "नाना, ऊपर का डब्बा तुम रखो, हमको पहिये दे दो." नाना त्याला सांगत, "मी मेलो तरी चाकं काडून देनार न्हाई. सांगून ठिवतो." तो हसून दोन दाणे त्यांच्या हातावर ठेवायचा आणि नाना ते रागारागाने खायचे.

पण एक गाडी विकायची नव्हती. ती कोपऱ्यात जुन्या लुगड्याखाली झाकलेली असे. होडीसारखी खोल, चामड्याच्या वाद्यांवर झुलणारी, चिनी मातीच्या मुठीची, आणि काठावर दातांच्या खुणा असलेली तीच ती. ती होती हौसाच्या बाळासाठी. हौसा नानांची एकुलती एक मुलगी, चाकणच्या अलीकडे कुरुळीत दिलेली. तिची दोन मुलं पोटातच गेली होती. सासू तोंडाने काही बोलत नव्हती, पण सणाला माहेरी आलेली हौसा परत जाताना पाय ओढत जायची, ते मी बघत होते. नाना तिला दर वेळी लुगडं बाजूला करून गाडी दाखवायचे. हात लावू द्यायचे नाहीत. बाळ यायच्या आधी बाळाचं काही घरात न्यायचं नसतं. "बारशाच्या दिशी मी सोता घिऊन येतो," म्हणायचे. हौसा म्हणायची, "या की," आणि दुसरीकडे बघायची.

मधल्या काळात आमची थोरली झाली. तिच्या बारशाला नानांनी वेताची एक छोटी गाडी आणून दारात उभी केली. वरवंटा बाहेर काढून त्यांनी तिला आत ठेवलं आणि दुपटं चारी बाजूंनी नीट खोचलं. पुढे रोज संध्याकाळी ते तिला परसात फिरवत. खरं बाळ गाडीत आहे म्हटल्यावर त्यांची चालच बदलायची. ते चिंचवडातले नाना वाटतच नसत, कॅम्पातल्या झाडांखालून कुणा लाटसाहेबाचं पोर नेणारे ऐटबाज नोकर वाटत. मला ते फार आवडायचं. आणि मनातून भीतीही वाटायची, कारण फिरवता फिरवता त्यांची नजर त्या लुगड्याकडे जायची.

तिसऱ्या वेळी हौसाला मुलगा झाला. जिवंत, रडणारा, चांगला बाळसेदार. निरोप आला तेव्हा नानांनी पागोटं काढून पाट्याजवळ ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मग जे उठले ते बारशापर्यंत खाली बसलेच नाहीत. वाद्या पुन्हा नव्या, गादी पुन्हा नवी, टपाचं मेणकापड पुन्हा ताणलं. बारशाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी गाडी तयार होऊन परसात उभी राहिली. तेव्हा मला दिसलं की नानांनी वरवंट्याची कुंची काढली आहे आणि ते तो धुऊन पाट्याशेजारी ठेवत आहेत.

"नाना, गाडी चालवून बघायची राहिलीय ना?" मी म्हटलं. "वरवंटा आत्ताच काढलात?"

"ऱ्हाऊ दे आता दगुड," नाना म्हणाले. त्यांना हसू आवरत नव्हतं. "उंद्या खरा धनी बसायचाय हिच्यात. त्याच्या जागंवर आज दगुड कशाला निजवायचा? लय वर्सं निजवला." आणि त्यांनी ती गाडी परसात दोन फेऱ्या चालवली, रिकामी. मुळीच आवाज नव्हता. मी दारात उभी राहून बघत होते आणि माझ्या डोळ्यांत आनंदाने पाणी आलं होतं.

सकाळी ते निघाले. एस.टी.च्या टपावर गाडीला ओरखडे पडतील म्हणून भोसरी, मोशी करत कुरुळीपर्यंत पायी, गाडी ढकलत. मोशीच्या अलीकडे हौसाचा दीर सायकलवरून समोरून आला. तो चिंचवडलाच निरोप घेऊन निघाला होता. पुढचं त्यानेच आम्हाला सांगितलं. बाळ पहाटे गेलं होतं. नानांनी त्याला एवढंच विचारलं, "ताप कवा आला?" तो म्हणाला, "काल, दिवं लागायच्या वक्ताला." गाडी त्यांनी एका ओळखीच्या खळ्यावर ठेवली आणि दिराच्या सायकलीवर मागे बसून लेकीकडे गेले.

दोन दिवसांनी उन्हं उतरताना ते परत आले, गाडी डोक्यावर घेऊन. सबंध वाट त्यांनी ती तशीच आणली होती, चाकं आभाळाकडे. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. ह्यांनी धावत जाऊन हात लावला, तेव्हा मान आखडून नानांना बोलताही येत नव्हतं. मी पाणी दिलं. पाणी पिऊन ते म्हणाले, "रिकामी व्हती. ढकलू कशी?"

मी शिकलेली, चार पुस्तकं वाचलेली बाई. मला वाटलं, ह्या माणसाला ह्यातून बाहेर काढता येईल. चार दिवस जाऊ दिले आणि म्हटलं, "नाना, तुम्ही गाडी घेऊन निघालात तेव्हा बाळ आधीच गेलेलं होतं. तुमच्या ढकलण्याने काय होणार?"

नानांनी माझ्याकडे बघितलं. "आन आदल्या दिशी, पोरी? दिवं लागायच्या वक्ताला मी हितं परसात काय करत हुतो? तू हुतीस की दारात."

असल्या गोष्टींवर माझा तेव्हा विश्वास नव्हता आणि आजही नाही. कुरुळीत तेव्हा ना डॉक्टर ना दवाखाना, दिवे लागताना तापलेलं पोर वाचवायचं कुणी? हे सगळं मी त्यांना सांगितलं, आमचे हेही समजावून बघत होते. नाना मान डोलवत. शेवटी म्हणत, "व्हय, तसंच आसंल." आणि त्यांना ते पटलेलं नाही, हे आम्हाला दोघांनाही समजत असे.

पावसाळ्यानंतर हौसा एक ट्रंक घेऊन माहेरी आली. कुणी तिला हाकललं वगैरे नव्हतं. नवऱ्याने एस.टी.त बसवून दिली होती आणि परत कधी न्यायला येतो ते सांगितलं नव्हतं. पहिल्याच दिवशी तिने भिंतीचा पाटा आडवा घातला आणि वरवंट्याकडे बघत थांबली. नाना उंबऱ्यात बसले होते. म्हणाले, "घे. दगुड हाय त्यो. दगडाचं काम करू दे त्याला." हौसाने मिरच्या वाटायला घेतल्या. आमच्याकडची चटणी त्या दिवसापासून बंद झाली. कुंची कुठे गेली, मी विचारलं नाही.

त्याच आठवड्यात नानांनी ती होडीसारखी गाडी उलटी केली, पाना घेतला आणि चारही चाकं काढली. शेंगदाणेवाल्याला त्यांनी स्वतः हाक मारली. तो चाकं बघून घाबरलाच. "नाना, सच में?" नाना म्हणाले, "ने. तुला लागत्यात न्हवं?" वरचा डबा छपराखाली पडून राहिला. पुढे त्यात हौसाच्या कोंबडीने अंडी घातली. बाकीच्या गाड्यांकडेही नाना पुन्हा वळले नाहीत. एक-दोघांनी येऊन मोडकी गाडी दाखवली, तर ते खाली वाकूनसुद्धा बघत नसत. शेंगदाणेवाल्याची नवी गाडी मात्र छान पळायची. इतकी बिनआवाजी, की तो आल्याचं गिऱ्हाइकाला कळेना. मग तो उलथन्याने कढईवर ठणठण वाजवायला लागला.

पुढच्या उन्हाळ्यात आम्हाला कारखान्याच्या वसाहतीत क्वार्टर मिळाली. निघायच्या दिवशी सामान बैलगाडीत चढत होतं. नाना ओट्यावर बसले होते. हौसा आत काहीतरी वाटत होती. थोरली त्यांच्या मांडीला बिलगली होती, आणि नाना तिच्या केसांतून हात फिरवत होते खरे, पण जरा लांबून, जसा परक्याच्या मुलाला लावावा तसा. मला फार वाईट वाटत होतं. जायच्या आधी त्यांनी एकदा तरी नेहमीसारखं काही बोलावं, एवढीच माझी इच्छा होती.

तेवढ्यात कोपऱ्यावरून कर्र, कर्र असा आवाज यायला लागला. शेंगदाणेवाल्याची गाडी. सहा-सात महिने तेलाचा थेंब नव्हता तिला. आता त्याला कढई वाजवायची गरज राहिली नव्हती. नानांच्या मागच्या कोनाड्यात एरंडेलाची बुधली तशीच ठेवलेली होती. एके काळी गल्लीच्या तोंडाशी चाक वाजलं, तर कुठली गाडी, कुठलं चाक, हे घरात बसून सांगणारा हा माणूस. मी हातातलं बोचकं खाली ठेवून थांबले. मला खरंच वाटलं, आता हे चिडून उठतील, बुधली घेतील, त्याला चार शिव्या देतील.

आवाज अगदी ओट्यापाशी आला. नानांनी विचारलं, "कुनाची गाडी वाजतीया गं?"

"शेंगदाणेवाल्याची, नाना," मी म्हटलं. "तुमचीच चाकं ती."

"आसतील," नाना म्हणाले, आणि तोंड भिंतीकडे केलं.