चार कार्डांचं वाचन

ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही. निवृत्तीच्या समारंभात पाऊण तास बोललो, पण तेव्हाही तिच्या अलीकडेच थांबलो. मुलाने दोन-तीनदा सांगितलं, बाबा, तुमच्या शाळेच्या आठवणी लिहा. दर वेळी वही आणली आणि दुसऱ्याच कुठल्या तरी वर्षाबद्दल लिहिलं. आता गुडघे दुखतात, सांगलीच्या विश्रामबागेतल्या फ्लॅटमधून फारसं बाहेर पडणं होत नाही. म्हणून लिहितो आहे, दुसरं काही कारण नाही.

वडूजच्या पुढे आत एका वस्तीवर आमची चौथीपर्यंतची शाळा होती. शिक्षक दोघंच. पहिली-दुसरीला एक बाई, तिसरी-चौथीला मी. माझ्या नोकरीची शेवटची तीन वर्षं राहिली होती. तेव्हा शिकवण्याची पद्धत नुकतीच बदलली होती. बाकं निघाली, मुलं गटागटाने जमिनीवर बसू लागली. फरशीवर ऑइलपेंटने शब्दांचे, अंकांचे तक्ते आखले. शंभर मण्यांच्या माळा आल्या, काड्यांचे गठ्ठे आले, खोकी भरून चिंचोके आले. पद्धत चांगली होती. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

ती मुलगी चौथीच्या सुरुवातीला आमच्याकडे आली. वडील फौजेत. पहिली-दुसरी त्यांच्या नेमणुकीबरोबर दूरच्या मुलखात, दुसऱ्याच लिपीत गेली, तिसरीचं निम्मं वर्ष घरी. मग आई तिला घेऊन माहेरी आली. मण्यांच्या माळेवर ती हिशेब असा करायची की गटातली मुलं काड्या मोजून होईपर्यंत तिचं उत्तर तयार असायचं. वस्तीचा नकाशा करायचा उपक्रम होता, तेव्हा आम्ही सगळी वस्ती पायी फिरलो आणि मग मैदानात रांगोळीने नकाशा काढला. प्रत्येक विहीर, प्रत्येक बांध तिने जागच्या जागी टाकला. नावं मात्र दुसऱ्यांनी लिहिली. तिला मराठी अक्षरं येत नव्हती. क आणि फ मधला फरकही ती थोडा वेळ बघून सांगायची.

बाईंच्या ते माझ्या आधी लक्षात आलं होतं. एका दुपारी त्या म्हणाल्या, “आवं गुरुजी, जेवणाच्या सुट्टीनंतर एक तास तिला माझ्याकडं पाठवा. पहिलीच्या पोरांत बसवते. हुशार हाय, दिवाळीपर्यंत वाचंल.”

मी म्हणालो, “बघू.”

बघायचं असं काही नव्हतं. आमच्या केंद्रात त्या वर्षी तपासणीच्या साहेबांच्या शाळाभेटी चालू होत्या. सगळी मुलं वाचतात असं दिसलं की शाळेच्या दारावर तसा फलक लागायचा. शेजारच्या दोन वस्त्यांवर लागला होता. चौथीची मुलगी पहिलीच्या वर्गात बसलेली कोणी बघितली असती, तर पहिला प्रश्न मला आला असता. मला तो प्रश्न नको होता. एवढंच.

वाचन तपासायला आमच्याकडे चार कार्डं होती. प्रत्येकावर आठ-दहा ओळींची एक गोष्ट. कार्डांच्या कडा वेगवेगळ्या रंगांच्या, निळी, हिरवी, लाल, पिवळी. मी तिला शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं आणि चारही गोष्टी वाचून दाखवल्या. दुसऱ्या दिवशी तिने त्या जशाच्या तशा म्हणून दाखवल्या. मग मी तिला ओळीखालून बोट कसं न्यायचं ते शिकवलं. कुठे थांबायचं, पूर्णविरामाला श्वास कसा घ्यायचा, एखाद्या जोडाक्षराला मुद्दाम अडखळायचं कसं, हेही शिकवलं. आठ दिवस रोज अर्धा-पाऊण तास. तेवढ्या वेळात तिची बाराखडी झाली असती, हा हिशेब मी नंतर पुष्कळ वेळा केला आहे. तेव्हा केला नव्हता.

वर्गातल्या मुलांना कळलंच. एक मुलगा मोठ्याने म्हणाला, “गुरुजी, हिला ग म भ न येत न्हाई आन कार्ड कसं वाचती? कडंचा रंग बघून वाचती व्हय!”

सगळे हसले. तीही हसली. “तू डोळं फाडून वाच, मी डोळं झाकून वाचती,” ती त्याला म्हणाली. मी दोघांनाही गप्प केलं.

साहेब आले तो दिवस मला नीट आठवतो, पण त्यात काही विशेष नव्हतं. मुलांनी काड्यांचे गठ्ठे करून वजाबाकी दाखवली, गटात बसून शब्दांच्या साखळ्या केल्या. साहेबांनी चार-पाच मुलांना वाचायला उठवलं. तिला हिरवं कार्ड आलं. ती उभी राहिली, बोट ठेवलं आणि वाचलं. मी शिकवलेल्या जागी अडखळलीसुद्धा. साहेब म्हणाले, “वा! आवाज काय खणखणीत आहे.” वर्गाने टाळ्या वाजवल्या. बाई दाराशी उभ्या होत्या. त्या आपल्या वर्गात गेल्या आणि मुलांना गाणं म्हणायला लावलं.

त्या संध्याकाळी मी वाचनाच्या रजिस्टरमध्ये नोंदी केल्या. अक्षर, शब्द, वाक्य, गोष्ट असे चार रकाने. तिच्या नावापुढे गोष्टीच्या रकान्यात बरोबरची खूण केली.  मग घरी गेलो आणि जेवलो.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली. “गुरुजी, आता मला खरंखरं वाचायला कवा शिकवणार?”

“शिकवू की. परीक्षा होऊ दे.”

परीक्षा झाली. फलक लागला. सुट्टी लागली. जूनमध्ये ती पाचवीला वडूजच्या हायस्कूलला गेली आणि माझी बदली दुसऱ्या शाळेत झाली.

त्यानंतर ती मला एकदम दोन वर्षांपूर्वी दिसली, सांगलीत डोळ्यांच्या दवाखान्यात. मी नंबर लावून बसलो होतो. “गुरुजी! वळखलं का?” म्हणत एक तरुण बाई पाया पडली. कडेवर दीड-दोन वर्षांची मुलगी. सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, सासू आत होती. सासरचं आडनाव, रहिमतपूरजवळचं गाव, नवरा साखर कारखान्यात, असं सगळं तिने सांगितलं. मग तिने इकडेतिकडे बघितलं आणि हातातला कागद माझ्यापुढे धरला.

“जरा वाचता का? कुठला थेंब कवा घालायचा ते. एकदाच वाचा, मी ध्यानात ठेवते.”

मी वाचलं. तीन बाटल्या, वेगवेगळ्या वेळा, दोन पंधरा दिवस, एक महिनाभर. तिने लगेच सगळं बिनचूक म्हणून दाखवलं. मी विचारलं, “हायस्कूलला नाही का जमलं?”

“लय झगडले, गुरुजी. पाचवीला सरांना सांगितलं, मला वाचता येत न्हाई. त्यांनी तुमच्या शाळेतनं आलेला कागद काढला. म्हणाले, चौथीत गोष्ट वाचत हुतीस की, आता नाटकं करतीस व्हय? आईला बोलावलं. आईनं मारलं.” ती हे हसून सांगत होती. “नववीपर्यंत ढकलत नेलं. मग सोडली. माझ्याच डोक्यात काय तरी कमी हाय. अक्षर ठरतच न्हाई. तुमी तर किती केलंत, शाळा सुटल्यावर बसवून घ्यायचा.” मग हळू आवाजात, “सासरी सांगितलेलं न्हाई बरं का. त्यांना वाटतं, मी नववी शिकले.”

तेवढ्यात आतून सासूला बाहेर आणलं. एका डोळ्यावर पट्टी. तिने सासूला माझी ओळख करून दिली, “आत्या, हे माझे चौथीचे गुरुजी. लय चांगलं शिकवायचे.” सासूने हात जोडले. मी म्हणालो, “थेंब वेळेवर घाला.” आणि माझा नंबर आला म्हणून आत गेलो. खरं तर माझ्या आधी अजून दोघं होते.

घरी आल्यावर मी तिला पत्र लिहिलं. दोन पानं, सगळं नीट, क्रमाने. पाकिटावर पत्ता घालायला घेतला तेव्हा लक्षात आलं की हे पत्र तिला वाचून कोण दाखवणार. नवरा किंवा सासू. म्हणजे तिने घरात झाकून ठेवलेलं मीच उघडं करणार. पत्र फाडलं.

मागच्या हिवाळ्यात पॅसेंजरने रहिमतपूरला गेलो. आडनाव माहीत होतं, विचारत विचारत घर सापडलं. घरात सगळी माणसं होती. सासूने माझ्याकडे दोन्ही डोळ्यांनी बघितलं आणि म्हणाली, “आवं, आता लांबचं झाड दिसतंय मला.” चहा झाला. नवरा उसाच्या तोडीबद्दल बोलत होता. लेक पाटीवर खडूने रेघोट्या ओढत होती आणि ती तिच्याजवळ बसून नुसती बघत होती. अर्धा-पाऊण तास गेला. त्या सगळ्यांसमोर मला बोलता येत नव्हतं.

निघालो तेव्हा ती रस्त्यापर्यंत सोडायला आली. एकटीच आली. गोठ्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत शंभरेक पावलं असतील. मी काठी टेकत हळू चाललो, म्हणून तीही हळू चालली.

“गुरुजी, काय काम काढलं हुतं का?”

“नाही गं. इकडं आलोच होतो, म्हटलं भेटावं.”

“बरं केलं. आता आईला पण सांगते, गुरुजी घरी आलते म्हणून.”

समोरून स्टेशनकडे जाणारी वडापची जीप आली. तिने हात करून थांबवली, मला धरून चढवलं, ड्रायव्हरला म्हणाली, “दादा, म्हातारं माणूस हाय, स्टेशनच्या दारात उतरवा.” मी खिडकीशी बसलो. ती खाली उभी होती. गाडी सुरू व्हायला एखादं मिनिट गेलं असेल. तेवढं पुरेसं झालं असतं. मला एवढंच म्हणायचं होतं: पोरी, तुझ्या डोक्यात काही कमी नव्हतं. मी तुला शिकवलं नाही, आणि शिकवलं असं लिहून ठेवलं. मला माफ कर.