अण्णांची माती आणि दादाचं जहाज

आमच्या अण्णांची, म्हणजे वडिलांची, माती वाऱ्यामुळे एक दिवस लांबली. वारा आमच्या गावात नव्हता. तो हजारो किलोमीटर लांब, समुद्रातल्या कुठल्याशा बेटावर सुटला होता (बेटाचं नाव दादानं दोनदा सांगितलं, मला एकदाही म्हणता आलं नाही). आमचं गाव गेवराई तालुक्यातलं, चकलांब्याकडच्या अंगाचं. समुद्राचा आणि आमचा संबंध मिठापुरता!

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ दत्ता, क्रूझवर नोकरीला आहे. पैसेवाल्या लोकांना समुद्रावरून फिरवून आणणारं ते जहाज. दादा त्याच्या लाँड्रीत. प्रवाशांच्या चादरी धुवायच्या, वाळवायच्या, इस्त्री करायच्या. पण आमच्या गावात विचाराल तर दादा जहाज चालवतो. ही थाप कुणी मारली? मीच! मी गावातल्याच शाळेत मास्तर. एकदा पोरांनी विचारलं, "सर, तुमचा भाऊ जहाजावर काय करतो?" भरल्या वर्गात 'चादरी' म्हणवेना. "चालवतो," म्हणालो. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. अण्णांच्या कानावर गेलं, त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काहीच बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून पारावर जरा ताठ बसायला लागले. मग मला ते निस्तरायचा धीर झाला नाही.

अण्णा मंगळवारी पहाटे गेले, झोपेतच. मी दादाला फोन लावला. पलीकडे मशीनची घरघर.

"बाळ्या, माती थांबव," दादा बोलला. "बापाला अग्नी थोरल्यानं द्यायचा असतो. मी येतो. काय बी कर, पन थांबव."

आमच्यात रीतच ती. बापाला थोरला, आईला धाकटा. दादा सात महिन्यांपूर्वी गेलता, तेव्हा अण्णा त्याला एस.टी.पर्यंत सोडायला गेलते आणि त्यानंतर त्यानं त्यांना फक्त फोनमध्ये पाहिलं होतं. मी म्हणालो, "तू ये. मी बघतो सगळं." (मी 'बघतो' म्हटलं की आमच्या घरात लोक घाबरतात. त्या दिवशी घाबरायलाही कुणाला सवड नव्हती.)

हिशेब सरळ होता. जहाज त्या बेटावरून तिकडच्या दुपारी सुटणार, रात्री मोठ्या बंदराला लागणार, तिथून विमान, आणि बुधवारी तीनपर्यंत दादा दारात.

"बेटावरूनच विमान धर की!"

"लहान बेट हाय बे. दोन दिस सीट न्हाई. अन् माझे उतरायचे कागद पुढच्या बंदराचे केलेत."

मी तातडीनं गावाच्या ग्रुपवर टाकलं, 'अंत्ययात्रा बुधवारी दुपारी ठीक तीन वाजता.' त्यातलं 'ठीक' मला आजही टोचतं. गेवराईहून मयत ठेवायची काचेची थंड पेटी आणली. मांजरसुंब्याहून गोरखमामा आले. मामा म्हणजे मायचे धाकटे भाऊ. ऊस वाहतुकीचे दोन ट्रॅक्टर बाळगून असलेला माणूस. माय पेटीच्या उशाला बसली ती उठलीच नाही.

संध्याकाळी दादाचा फोन.

"जहाज सुटलं न्हाई."

"कावून?"

"वारं हाय लई."

मी ओसरीवर येऊन सांगितलं, तर माजी सरपंच भडकलेच. "येवढ्या मोठ्या जहाजाला वारं? अरं, दत्ताला म्हन, चालू कर अन् निघ! बाप मेलाय. थितं कुनाची वाट बघतो?"

आता काय सांगणार? मास्तर माणूस मी. खिशात खडू असतोच. ओसरीच्या भिंतीवर सरळ जहाज काढलं! आत अण्णा पेटीत, आणि बाहेर मी शिकवतोय. "हे बघा, जहाज पाण्याखाली थोडं आणि पाण्यावर बारा मजले. वारा ह्या बारा मजल्यांना धरून धक्क्यावर दाबतो. तिथून एकदम पुढं निघता येत नाही, आधी आडवं सरकून धक्का सोडावा लागतो. आडवं सरकायला जहाजाच्या पोटात पंखे असतात, पण एवढ्या वाऱ्यापुढं ते पुरत नाहीत. मग टग लावतात. टग म्हणजे होडी, अंगानं बारकी, पण ताकदीला भारी. दोर बांधून जहाजाला बाजूला ओढून काढते."

मामांनी मांडीवर थाप मारली. "म्हंजी कडब्याची ट्रॉली! वर लई रचली, बाजूनं वारं लागलं की डायवर हात टेकतो. मंग दुसरा ट्रॅक्टर लावून वढायची."

"शाब्बास!" मी म्हणालो. एकदम वर्गातल्या आवाजात! आतून मायनं वर पाहिलं. मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. मी खडू खिशात टाकला.

"मंग लावा की टग!" सरपंच.

"दोन लागतात. तिथं एकच आहे. दुसरी शेजारच्या बेटावरून येतेय."

"सबंध बंदराला एक?" मामांना हा स्वतःचा अपमान वाटला. "कारखान्याच्या गेटावर आमी चार-चार उभे असतो!"

रात्री ग्रुपवर टाकलं, 'तीनऐवजी सहा.' सकाळी उठून टाकलं, 'सहाऐवजी गुरुवारी.' पाहुण्यांचे हाल कुत्रं खाईना. बुधवारचे मंगळवारीच आले, गुरुवारचे बुधवारी आले, आणि एक आत्याबाई दोनदा येऊन दोनदा रडून दोनदा परत गेल्या. शेजारणी भाकरी-पिठलं आणून थकल्या. आणि दुसरी टग? ती आली. पण वारा कमी झाल्याशिवाय जहाज हलवायचं नाही, असं बंदराच्या माणसानं सांगितलं. जहाजाला वाट दाखवणारा तोच. त्याच्या शब्दापुढं कप्तानाचंही चालत नाही.

गुरुवारी सकाळी लाईट गेली. मंडपवाल्याचं जनरेटर लावलं. त्याच्या आवाजात ओसरीवर कुजबूज सुरू झाली. आधी हळू, मग मला ऐकू जाईल अशी.

"बापापरीस जहाज मोठं झालं व्हय दत्ताला?"

"चालवनारा तोच ना? मंग अडवतंय कोन?"

"आता सायेब झाला त्यो. बापाच्या मातीला कशाला येतोय!"

माझ्या डोक्यात सणक गेली. तिकडं दादा दोन दिवस अन्नाला शिवला नव्हता, आणि इथं माझ्या एका थापेनं त्याची अब्रू जात होती. मी ओरडलो, "अरे, तो जहाज चालवत नाही! चादरी इस्त्री करतो! मी खोटं बोललो होतो!"

नेमकं त्याच क्षणी जनरेटर बंद पडलं. त्यामुळे 'मी खोटं बोललो होतो' हे पलीकडच्या आळीपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं.

मग माय आतून म्हणाली, "तुज्या अण्णाला ठावं व्हतं."

"कधीपासून?"

"पयल्यापसून. दत्तानंच सांगितलं व्हतं. म्हन्ला, बाळ्याला बोलू नगा, शाळंत त्याचं तोंड खाली व्हईल."

मी तिथंच खाली बसलो. चांगला घोडा झालोय, पण ढसाढसा रडलो. अण्णा पारावर ताठ बसायचे ते माझी थाप सांभाळायला!

जनरेटर पुन्हा चालू झालं नाही. मामांनी त्याला लाथसुद्धा घालून पाहिली. बारा वाजत आले, ऊन तापलं, आणि पेटीच्या काचेवर आतून घाम यायला लागला. मायनं पदरानं बाहेरून काच पुसली. घाम निघेना तेव्हा म्हणाली, "बास. आता न्हाई थांबायचं. त्यांचे हाल व्हतेत. दत्ताला फोनात दाखव."

दादाला ते मी सांगितलं. तो म्हणाला, "बरं. माय म्हनती तसं कर. पन मला अण्णांचं तोंड दाखव. तेवढं दाखव."

स्मशानात व्हिडिओ कॉल लागला. दादा जहाजाच्या वरच्या मजल्यावर उभा, केस वाऱ्यानं उडतायत, आणि त्याच्या मागं अडकलेल्या प्रवाशांचं मन रमवायला डान्सची गाणी लावलेली. ती गाणी अण्णांच्या सरणापाशी दणाणली! माणसं वळून बघायला लागली. मी घाईघाईनं मोबाईलचा आवाज साफ बंद केला.

मग मोबाईल अण्णांच्या तोंडासमोर धरला. मला पडद्यावर दादा नीट दिसत होता. त्याचे ओठ हलले आणि तो बोट गोल-गोल फिरवायला लागला. मी सगळ्यांना म्हणालो, "दादा म्हणतोय, फेऱ्या घ्या." अग्नी दिला. दादाच्या हक्काचा होता तो. मग डाव्या खांद्यावर पाण्याचं मडकं, उजव्या हातात दादा, असा मी सरणाभोवती निघालो. मागून भाऊबंद दगडानं मडक्याला भोक पाडतोय. एक फेरी झाली. दोन झाल्या. तीन झाल्या. दादाचं बोट फिरतंच आहे! उलट जोरात!

"चल," मी म्हणालो, "अजून एक."

"तीनच असत्यात, मास्तर!" सरपंच ओरडले.

"थोरल्याची इच्छा आहे!"

चौथीला मडक्यातलं पाणी संपलं. पाचवीला धगीनं माझ्या भुवया चरचरल्या. मी हंबरडा फोडून रडत होतो, मोबाईल मात्र खाली येऊ दिला नाही. आणि पाचव्या फेरीत दादाचं बोट थांबलं. हात खाली आला. तो नुसता टक लावून बघत राहिला, डोळ्यांतून धारा. मला वाटलं, चला, त्याच्या मनासारखं झालं. मी मडकं मागं सोडलं. तेवढ्यात दादाच्या पाठीमागची बंदराची भिंत हळूहळू सरकायला लागली. टगांनी जहाज ओढून काढलं होतं. एवढा वेळ थांबलेलं ते धूड मडकं फुटल्यावर हललं!

दादा शनिवारी सकाळी आला. राख सावडली, मायच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. दुपारी आम्ही दोघंच ओसरीवर होतो. मी त्याची समजूत काढायला म्हणालो, "दादा, अग्नी तुझ्या हातून झाला नाही, पण निदान अण्णांचं तोंड तरी बघितलंस."

दादानं माझ्याकडे पाहिलं. "बाळ्या, कॅमेरा तुज्याकडं व्हता."

"म्हणजे?"

"सुरवातीपसून तूच दिसत व्हतास. कॅमेरा उलटा कर म्हनून मी बोट फिरवत व्हतो. तू सरनाभवती पळायला लागलास."

त्यानं एकच गोष्ट मागितली होती, आणि तीही मला नीट जमली नव्हती.

"मंग... मग तू बघितलंस काय एवढा वेळ?"

"तुलाच. रडताना तुज्या कपाळाला आठ्या पडत्यात अन् नाक डावीकडं वाकडं व्हतं. हुबेहूब अण्णा. मला आदी कधी दिसलं न्हवतं. मंग मी हात खाली घिऊन बघत बसलो." त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "तोंड बघायचं व्हतं, बघितलं."

म्हणजे दादाच्या लेखी त्या दिवशी अण्णांनी स्वतःचं मडकं स्वतःच्या खांद्यावर घेतलं, स्वतःच्या सरणाभोवती पाच फेऱ्या मारल्या आणि स्वतःच्याच मातीत सगळ्यांपेक्षा मोठ्यानं गळा काढला. माझ्या ह्या तोंडाचा उभ्या जन्मात कुणाला उपयोग झाला असेल, तर तेवढा एकदाच. आणि तोही चुकून!