शेरावालीकडं ठेवलेल्या ओट्या

नवरात्रातला मंगळवार. पिंपळगाव रेणुकाईच्या देवळात बायांची रांग सरकत सरकत गाभाऱ्यापर्यंत आलेली. दैवशालाबाईंचा नंबर लागला, पहिली ओटी काढायला त्यांनी पिशवीत हात घातला, आणि नारळाच्या जागी हाताला बूट लागला. साधा बूट नव्हे. मिलमध्ये घालतात तसला, पुढून लोखंडी, आतून वर्षभराचा घाम प्यालेला. मागच्या बाईनं मान लांब करून तो नीट पाहिला आणि अगदी मायेनं विचारलं, "नवसाचा हाय का?"

पिशवी बदलण्याचा हा पराक्रम बबलूचा. बबलू म्हणजे दैवशालाबाईंच्या बहिणीचा मुलगा, म्हणजेच हे लिहिणारा. त्याच्याबद्दल फार सांगण्यासारखं काही नाही. तो परतूरला मावशीकडे राहून सरकारी परीक्षांची तयारी करतो आणि निकाल लागेपर्यंत मावशीच्या पिशव्या उचलतो. गोष्ट मावशीची आहे.

दैवशालाबाई मूळच्या मंठ्याकडच्या. लग्न होऊन परतूरला आल्या तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे सगुणाबाईंनी, त्यांच्या हाती घराच्या किल्ल्या दिल्या नाहीत. त्या आजही सगुणाबाईंच्याच कमरेला आहेत. पुढे गुडघे गेले तेव्हा मात्र त्यांनी सुनेला किल्ल्यांपेक्षा अवघड वस्तू दिली, गल्लीतल्या ओट्या देवीला पोचवायचं काम. कुणाची म्हैस व्यालेली असते, कुणाची सासू अंथरुणावर असते, कुणाला नेमकी त्याच दिवशी अडचण येते. अशा बाईनं खण, नारळ, मूठभर गहू, हळकुंड नि सुपारी फडक्यात गाठ मारून द्यायची आणि मागणं कानात सांगायचं. देवीला जाणारीनं ते सगळं वाहून न्यायचं. ह्या कामाला एकच कडक नियम. परत आल्यावर प्रत्येकीच्या उंबऱ्याशी जाऊन एक शब्द बोलायचा, "पोचली." ओटी खरोखर देवीपुढं गेली असेल तरच बोलायचा. सगुणाबाई हा शब्द जन्मात कधी खोटा बोलल्या नाहीत. बाकी बाबतीत त्या इतकं सढळ खोटं बोलत आल्या आहेत की ह्या एका शब्दाला गल्लीत सोन्याचा भाव आला होता.

तो भाव आता सुनेनं टिकवायचा होता, आणि तिनं तो टिकवला. बायांना एसटीचं अर्धं तिकीट झालं तेव्हापासून तर दैवशालाबाईंचा पाय घरात ठरेना. नवरा भागवत मोंढ्यात मापाडी आहे. कापूस असो की तूर, तो बोलतो कमी आणि मोजतो जास्त. बायको निघाली की तो फक्त विचारतो, "कोणती?" म्हणजे कोणती देवी. कारण बाईंनी सगळ्या आयांच्या दारात जाऊन प्रत्येकीबद्दल आपलं मत बनवून ठेवलंय. तुळजापूरची कडक, तिच्यापुढं जास्त बोलायचं नाही. वणीची एवढी उंच की आपलं बारीक-सारीक तिच्या कानापर्यंत जातं का ही शंका. माहूरची फार मायेची, पण मायेपर्यंत पोचेपर्यंत पायऱ्यांनी जीव जातो. पिंपळगावची रेणुकाई मात्र जिल्ह्यातलीच, घरच्यासारखी. तिच्याशी भांडलं तरी चालतं.

आणि बाई भांडतात. ओटी ठेवताना मागणं त्या पोस्टमनसारखं नुसतं टाकून येत नाहीत, वर स्वतःचा शेरा मारतात. समोरच्या घरातल्या शीतलची सासू नातू मागते आणि शीतल अंगणवाडीतली नोकरी मागते. बाईंनी दोन्ही मागणी देवीपुढं मांडून वर सांगितलं होतं की आई, दोघींचं ऐकून घे, पण स्वैपाक शीतल करते एवढं ध्यानात ठेव. गल्लीतल्याच काकासाहेबांच्या बायकोनं नवऱ्याची जीभ गोड व्हावी म्हणून खण दिला तेव्हा बाईंनी देवीला आधीच बजावलं की ह्याच्यात तू पडू नको, तुझंच नाव खराब होईल. स्वतःची ओटी त्या सगळ्यात शेवटी ठेवतात, आणि रिकाम्या हातानं देवीकडं कधीच काही मागत नाहीत. हा त्यांचा स्वतःचा नियम.

आता पिशवीकडे येऊ. जालना जिल्ह्यात बियाण्याच्या कंपन्या ढीगभर, आणि हंगामाआधी त्या शेतकऱ्यांना पिशव्या वाटतात. त्यामुळे अख्ख्या जिल्ह्याकडे एकसारखी पिशवी आहे. हिरवी, जाड, वर कपाशीचं भलंमोठं बोंड. लग्नात आहेर हिच्यात, दवाखान्यात कपडे हिच्यात, बाजारात मेथी हिच्यात. मावशी आणि बबलू सकाळच्या गाडीनं जालन्याला उतरले तेव्हा सूरज त्यांना भेटायला बसस्टँडवर आला. सूरज दैवशालाबाईंच्या नणंदेचा मुलगा, एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये कामाला. ड्यूटीला जाता जाता मामीला चहा पाजावा एवढाच त्याचा हेतू. त्याच्याकडेही बोंडाचीच पिशवी, आत बूट नि कामाचे कपडे. टेबलाखाली दोन बोंडं शेजारी शेजारी बसली. पिंपळगावच्या वाटेवरची भोकरदनची बस लागली म्हणून ओरडा झाला, बबलूनं झटकन एक बोंड उचललं आणि धावला. वजन बराबर होतं. दोन लोखंडी बूट आणि पिशवीभर ओट्या यांचं वजन सारखं भरतं, हे त्याच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

तर गाभाऱ्यापुढं बूट निघाला. दुसरी एखादी बाई रडली असती किंवा बबलूला तिथंच बडवलं असतं. बडवायचं बाईंनी पुढं ढकललं. आधी त्यांनी बूट आत दाबून पिशवी बबलूच्या अंगावर लोटली आणि त्याला देवळाबाहेर काढलं. मग रिकामे हात जोडून देवीला म्हणाल्या, "आई, थांब जरा. मी फोन करून येते."

बाहेर येऊन त्या पारावर बसल्या. बबलूनं सुचवलं की इथल्याच दुकानातून नवे खण-नारळ घेऊ, कुणाला काय कळतंय. मावशीनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो लगेच कसल्यातरी विचारात असल्यासारखा झाडाकडे बघू लागला.

"खण दुकानाचा आसल," त्या म्हणाल्या, "पण गाठ शीतलच्या हातची हाय का त्याच्यात? संध्याकाळी तिच्या दारात हुबं राहून मी काय म्हणू? पोचली म्हणू?"

सूरज फोन उचलत नव्हता. बऱ्याच वेळानं त्याचाच आला, आणि त्यानं नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, "मामी, माझे बूट कुठायत?" बुटाशिवाय आत सोडत नाहीत म्हणून त्याला गेटजवळ भंगाराच्या वजनकाट्यावर बसवलं होतं आणि मित्र त्याला नवरी म्हणून चिडवून राह्यले होते. बाईंनी बुटाचा विषय बाजूला सारून ओट्यांचं विचारलं. सूरज जरा अडखळला. झालं असं होतं की गेटजवळच्याच कपडे बदलायच्या खोलीत त्यानं पिशवी उघडली, आणि बिहारकडच्या कामगारांना वाटलं, सूरजभाईनं मिलमधल्या देवीसाठी सामान आणलं. त्यांनी मोठ्या आनंदानं सगळी गाठोडी तिथल्या तसबिरीपुढं मांडली. गाठोड्यांच्या गाठी कुणी सोडल्या नव्हत्या. फक्त वरचा एक नारळ मोकळा होता. तो फोडला, सगळ्यांनी खाल्ला. गोड होता, असंही सूरजनं सांगितलं.

मोकळा नारळ बाईंचा स्वतःचा. दुसऱ्यांच्या ओट्या बांधायच्या गडबडीत आपली बांधायची त्या नेहमी विसरतात आणि वरून तशीच टाकतात.

मग त्यांनी विचारलं, "कोणती हाय तिथं?"

"शेरावाली."

"वाघावर बसलेली?"

"व्हय."

बबलूला वाटलं, आता संपलं. ओट्या रेणुकेच्या नावानं बांधलेल्या, पडल्या शेरावालीपुढं, आणि सूरजला संध्याकाळशिवाय सुट्टी नाही. पण दैवशालाबाई विचार करत होत्या तो देवीचा नव्हता, गल्लीचा होता. गल्लीत आपण घरी नसलो की आपलं पार्सल शेजारणीकडं ठेवतात. सिलेंडर ठेवतात, दूध ठेवतात. शेजारीण ते स्वतःचं समजत नाही आणि आपणही पोचलं नाही असं म्हणत नाही. इथं तर शेजारणी नव्हेत, सख्ख्या बहिणी.

"सूरज, हात धू," त्या म्हणाल्या. "आन् एकेक गाठ तिच्यापुढं सोड. मी नावं सांगते."

सूरज म्हणाला की मामी, मी गडी माणूस, ओटी बाया भरतात. मामी म्हणाल्या की तू कोण हायस हे तिला म्हाईत हाय, ती काय तुझं आधार कार्ड बघणार न्हाई. तरी तो कुरकुरला की मित्र हसतील. त्यावर बाईंनी फोन स्पीकरवर टाकायला लावला आणि अवघ्या मिलला हिंदीत सांगितलं की जो हँसेगा उसका नारळ सडा निकलेगा. तिकडं एकदम शांतता झाली. फक्त काट्यावर चढलेला भंगाराचा ट्रक गुरगुरत होता.

मग पारावर बसून दैवशालाबाईंनी ओट्या भरल्या. पोपटी खण कुणाचा, काठाला जर असलेला कुणाचा, कुठल्या गाठीत गव्हाऐवजी तांदूळ, हे त्या सांगत, आणि जालन्यात सूरज ओंजळ रिकामी करत असे. मधेच एक ओटी चुकली. जांभळी कुणाची हे बाईंना आठवेना. त्यांनी ती शेवटाला ठेवायला लावली आणि म्हणाल्या की जी उरंल तिची ही. शीतलचं मागणं आलं तेव्हा तिकडून एका बिहारी आवाजानं 'जय माता दी' म्हटलं. बाईंना तो शब्द आवडला नाही, पण भावना आवडली.

सगळ्या संपल्यावर त्या उठल्या, पदर सारखा केला आणि रांगेत पुन्हा शेवटून लागल्या. बबलू मागं उभा, बूट बाहेर चपलांच्या ढिगात, जिथं ते पहिल्यापासून असायला हवे होते. पुन्हा नंबर लागला तेव्हा मघाची बाई ओटी भरून, मंडपात दम खाऊन निघाली होती. जाता जाता तिनं आशेनं पिशवी शोधली.

गाभाऱ्यापुढं दैवशालाबाई हळू आवाजात बोलल्या, जसं नात्यातल्या बाईला निरोप द्यावा तसं. "सामान तुझ्या बहिणीकडं ठेवलंय, एमआयडीसीत. तिच्याकडून घे. न्हाई दिलं तर मला सांग." मग जरा थांबून, "माझं ऱ्हायलं. पोरांनी खाल्लं. राहू दे."

गाभाऱ्यात गुरव होते, त्यांनी हे ऐकलं असावं. त्यांनी काही न विचारता बाईंच्या हातावर कुंकू ठेवलं.

संध्याकाळी परतूरला बाई दारोदार फिरल्या. प्रत्येकीला सगळं सांगितलं, बुटासकट, शेरावालीसकट, आणि शेवटी म्हणाल्या, "पोचली." शीतलनं दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाली की काकू, पुढच्या खेपेला माझी दोघींकडं भरा, जिचं आधी होईल तिचं. सासू दाराआड होती, तिनंही मान हलवली. कुणाचीच तक्रार आली नाही. उलट मिलमधली देवी तातडीची दिसते, अशी कुजबुज सुरू झाली.

सगळ्यात शेवटी सगुणाबाईंनी सुनेला विचारलं, "समद्यांच्या पोचल्या?"

"समद्यांच्या. माझी सोडून."

सगुणाबाईंनी कमरेच्या किल्ल्या चाचपल्या आणि विचारलं, "मंग मागणं काय होतं तुझं?"

दैवशालाबाईंनी बबलूकडे बोट केलं. ह्याला नोकरी लागू दे, एवढंच मागणं होतं. पण रिकाम्या हातानं मागायचं नाही हा नियम, म्हणून ते मागणं देवीपुढं गेलंच नाही. ज्याच्यामुळं राहिलं त्यानंच आता ओटी नेऊन भरावी, असा निवाडा त्याच रात्री जेवताना झाला. भागवतकाकांनी ताटातली भाकरी मोडत मान डोलावली, म्हणजे निवाडा पक्का.

बबलूनं लगेच होकार दिला. दुसऱ्या दिवशी मावशीनं नवा खण नि नवा नारळ घेऊन, ह्या वेळी घट्ट गाठ मारून, कोनाड्यात ठेवला. दिवाळीत परीक्षा आली. मग थंडी. मग अजून एक परीक्षा. मग बबलूला पिशवी सापडेना, कारण बोंडाच्या सगळ्या पिशव्या सारख्याच दिसतात आणि त्याला आता कोणत्याच बोंडावर भरवसा राहिला नाही. सूरज फोनवर बुटाची आठवण करून देतो, बूट कधीचेच परत गेलेले असूनही देतो.

दर मंगळवारी, पोळपाट पुसून झाला की, दैवशालाबाई कोनाड्यातून ते गाठोडं काढतात, पुस्तकावर डोकं ठेवून बसलेल्या बबलूच्या कानाशी आणतात आणि हलवतात. आत पाणी आटून खोबरं सुटलंय. खडखड वाजतं.